केकचा तोडलेला घास

रेडिओचा फोन आला तेव्हा मी एका हॉटेलचे पडदे शिवत होते. रेडिओ म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. एकदा सुरू झाली की तिला बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून हे नाव. मशीन चालूच ठेवून मी फोन खांद्याने कानाशी दाबला.

"अगं, तो संत्र्याचा केक भाचीला पाठवला नाहीस ना?" तिने विचारलं.

"पाठवला की. का गं?"

रेडिओ गप्प बसली. ती गप्प बसली याचीच मला आधी भीती वाटली.

"मी सांगितलं होतं ना तुला, त्यात मैदा नावालाही नसतो म्हणून," ती म्हणाली. "सगळी बदामाची पूड असते. भाचीला चुकूनसुद्धा सांगू नकोस, असं शेवटी म्हटलं होतं मी."

"शेवटी म्हणजे कुठे?"

"वरच्या मजल्यावरच्या बाईचं बोलून झाल्यावर."

माझा पाय मशीनच्या पेडलवरून सुटला.

आमचा हा उद्योग जुना आहे. कोणाला कुठे बरी कॉफी मिळाली, कोणत्या हॉटेलात काय मागवावं, कोणाचं सूप कशाने दाट झालं, हे सगळं मैत्रिणी मला फोनवर बोलून पाठवतात. लिहायचा आम्हा सगळ्यांनाच कंटाळा. मी ते मशीनवर बसल्या बसल्या ऐकते, फापटपसारा कापते आणि कामाचा तेवढा तुकडा बाकीच्यांना पाठवते. रेडिओला कापण्यात तर माझा हातखंडा. पत्ता आला, काय मागवायचं ते आलं, की पुढे तिचे गुडघे आणि मग ती वरची बाई येणार हे मला पाठ आहे. तिथे मी कात्री चालवते आणि पुढचं ऐकतही नाही. याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

बाकीच्या मैत्रिणी तुकडे ऐकतात, वा वा करतात आणि घरीच बसतात. खरोखर उठून जाते ती एकटी माझी भाची, ताईची मुलगी. जाते, केकचा नाहीतर पावाचा फोटो काढते आणि खाली लिहिते, 'मस्त, मावशी!' त्या 'मस्त'साठी मी किती जणींचे गुडघे ऐकले असतील.

आणि या पोरीला बदाम चालत नाहीत. बदाम, अक्रोड, काजू, काहीच नाही. लहान असताना एका वाढदिवसाला तिने कोणाच्या तरी हातचं बिस्किट खाल्लं होतं. आधी ओठ सुजले, मग डोळे मिटले, मग श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो आवाज मी ऐकला आहे. ताईने तिला मांडीवर घेतलं होतं आणि मी दारात उभी राहून अँब्युलन्सची वाट बघत होते. भाचीला काही पाठवायच्या आधी मी नीट तपासते, असं मी ताईला छाती ठोकून सांगत आले. संत्र्याच्या केकमध्ये कसला आलाय बदाम, एवढंच माझं या वेळचं तपासणं.

सकाळीच तिचा निरोप आला होता, 'आज रजा आहे. तुझ्या केकवर धाड घालते.'

मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिचा फोन कायम मुका असतो, यावरून मी तिला कितीदा झापलं आहे. 'खाऊ नको, बदाम आहेत' असं लिहून पाठवलं, तेही बोटं नीट चालेनात म्हणून 'बदाम'चं भलतंच काहीतरी झालं आणि परत लिहावं लागलं. निरोप पोचला, पण वाचला गेला नाही. रेडिओकडे त्या दुकानाचा नंबर नव्हता. ताईचा नंबर मी काढला आणि तसाच ठेवून दिला. तिला काय सांगणार होते मी?

पायात माझ्या शिवणकामाच्या दुकानातल्याच चपला, गळ्यात मोजपट्टी, तशीच बाहेर पडले आणि पहिली दिसली ती टॅक्सी थांबवली.

"जरा लवकर घ्या," मी म्हणाले.

"पुढे रस्ता खणलाय, मॅडम. उडत तर जाता येणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. एरवी त्याला चांगलं सुनावलं असतं. आता मी फोनकडेच बघत बसले.

सिग्नलला उभे असताना फोन थरथरला. भाचीचा फोटो होता. पांढरी बशी, तिच्यात पिवळाधमक केक, वर संत्र्याची चकती, शेजारी काटा. खाली लिहिलं होतं, 'पोचले बघ!' मी तिथल्या तिथे फोन लावला. पुन्हा नुसताच वाजत राहिला. कॅमेऱ्यातूनच फोटो पाठवला आणि माझे निरोप न बघताच फोन बॅगेत टाकला असणार. आता ती काटा उचलत असेल. आता पहिला घास. मी मनात सारखं म्हणत होते, गरम असू दे, निवायची वाट बघू दे. केक कधी गरम देतात का? पण भीतीला अक्कल नसते आणि मला त्या वेळी अजिबातच नव्हती.

खणलेल्या रस्त्यापाशी टॅक्सी अडकली तशी मी पैसे सीटवर टाकले आणि धावत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी. पुढच्या वळणावर त्या दुकानाचं हिरवं कापडी छत दिसलं आणि दारासमोर उभी असलेली पांढरी गाडीही दिसली. अँब्युलन्सच आली, असं मला वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की ती दुधाची गाडी होती, एक माणूस क्रेट उतरवत होता. मला रडूच आलं.

आत शिरले. दोन टेबलं भरलेली, काउंटरवर एक मुलगी कप पुसत होती. खिडकीपाशी भाचीची निळी बॅग खुर्चीला अडकवलेली होती. खुर्ची रिकामी. समोर कॉफीचा रिकामा कप आणि बशीत केक. केकचा एक कोपरा नव्हता. काट्याने नीट तोडलेला घास.

"इथे बसलेली मुलगी कुठे गेली?" मी विचारलं.

"बाथरूमकडे गेल्या. काय झालं?"

मी बॅग ओढली आणि उघडली. तिच्याकडे इंजेक्शन असतं, ताईने सांगितलं होतं. पण ते दिसतं कसं, पिशवीत असतं की डबीत, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. किल्ल्या निघाल्या, रुमाल निघाला, फोन निघाला. फोनवर माझेच सगळे निरोप न वाचलेले. बॅग हातात धरून मी बाथरूमच्या दाराकडे धावले आणि दार ठोठावणार तोच ते उघडलं.

"मावशी?" भाची हात पुसत बाहेर आली. "तू इथे काय करतेस?"

मी तिचे ओठ बघितले. डोळे बघितले. तिचा श्वास ऐकू यावा म्हणून माझा कान तिच्या तोंडाशी नेला. ती हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली.

"बदाम आहेत त्यात," मी म्हणाले. "तू घास खाल्लास."

"नाही खाल्ला गं. बस आधी."

तिने मला खुर्चीत बसवलं, टेबलावरचा चुरगळलेला कागदी रुमाल उघडला. आत तो घास होता, जसाच्या तसा.

"मी आल्या आल्या विचारलं त्यांना," ती काउंटरकडे बोट दाखवत म्हणाली. "बदामच आहेत म्हणाल्या."

"मग घेतलास कशाला?"

"फोटोसाठी. मघाचा पोचल्याचा होता, दुसरा तुला नंतर पाठवणार होते. खाल्ल्यासारखा दिसला पाहिजे ना, म्हणून कोपरा तोडला."

मला समजायला वेळ लागला. मग काटा लागलेले ते पाव, कोपरा गेलेले ते केक, ती सगळी 'मस्त, मावशी!' माझ्या डोळ्यांसमोर येत गेली.

"आधीचे सगळे?" मी विचारलं.

"कॉफी प्यायले ना प्रत्येक ठिकाणची. कॉफी खरंच छान असते तुझ्या जागांवर."

"सांगायचं नाहीस का मला?"

"तू केवढ्या हौसेने पाठवतेस. वर म्हणतेस, मी तपासलंय. तुला कसं सांगू, की तुझ्या भरवशावर खायची भीती वाटते म्हणून?" ती बशी लांब सरकवत म्हणाली. "तुझ्याच नाही गं. कोणाच्याच. रोज वाटते."

तिने माझे हात आपल्या हातात धरले. तिचे हात अगदी शांत होते, आणि तेच मला बघवेना.

"इंजेक्शन कुठे असतं तुझं?" मी म्हणाले. "मघाशी मला सापडलं नाही."

तिने बॅगेच्या आतला, माझ्या लक्षातही न आलेला कप्पा उघडला आणि जाड पेनासारखी एक नळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती फार हलकी होती.

"हे झाकण काढायचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं, कपड्यावरून चालतं. मग तसंच धरून ठेवायचं. आणि मग..." ती थांबली. "मावशी, हे जरा लांबलचक आहे हं."

माझा फोन वाजत होता. रेडिओच असणार, तिचाही जीव टांगणीला लागला होता. मी तिला 'खाल्ला नाही' एवढंच लिहून पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"सांग," मी म्हणाले.