डाव्या खांद्याची घडी

दुसरीत दोनदा बसून जिनं शाळेला रामराम ठोकला, त्या बाईला सगळी गल्ली ‘मास्तर’ म्हणायची. कापड बेतणाऱ्याला मास्तरच म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई. नवरा गेला त्या महिन्यात तिनं त्याची कातरी उचलली ती पुन्हा खाली ठेवली नाही. तोंडातली कातरी तर त्याच्याही आधीपासून चालू होती.

दुपारी जेवणं झाली की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि सून काजं-बटणांच्या टेबलावर, रिळांच्या डब्याला टेकवून, मोबाईल उभा करायची. दहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स होता. नाव भलंमोठं, शारीरिक मानवशास्त्राची तोंडओळख.

“म्हणजे काय गं ते?” मास्तरनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“माणसाच्या शरीराचा अभ्यास, आई. माणूस माकडापासून वेगळा कसा झाला, दात कसे, हाडं कशी, हाडांवरून वय कसं ओळखायचं.”

“वेगळा झाला? कधी? मला तर गिऱ्हाइकांकडे बघून तसं वाटत नाही.”

सून हसली. पण हे शिकतेस कशासाठी, असं काही मास्तरनं विचारलं नाही. ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टी विचारायची तिला सवय नव्हती.

तिचा एकुलता एक लेक नऊ वर्षांपूर्वी सकाळी डबा घेऊन कामाला गेला, तो आलाच नाही. दोन वर्षांनी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत दरड सरकली आणि खालून कुणाची तरी हाडं निघाली. ज्यांच्या घरचं माणूस हरवलंय अशा सगळ्यांना कचेरीत बोलावणं आलं. या दोघीही गेल्या. कारकुनानं उंची विचारली, वय विचारलं, दात विचारले. मग विचारलं, “कधी हाड मोडलं होतं?”

“माझ्या पोराला मी टाचणी टोचू दिली नाही,” मास्तर म्हणाली, “हाड कुठलं मोडतंय?”

“मग हा तुमचा नाही. याचं एक हाड मोडून जुळलेलं आहे,” असं म्हणून त्यानं कागदावर फुली मारली. माहिती जुळली असती तर रक्त तपासणार होते, ते राहिलं. ती हाडं ठेवलेली सतरा नंबरची पेटी कपाटात परत गेली आणि मास्तर ताठ मानेनं घरी आली. लेक जिवंत आहे असं तिनं त्या दिवशी चार घरी सांगितलं.

त्यानंतर सात वर्षं झाली. सुनेचा भाऊ दर वर्षी यायचा, “ताई, अजून चाळिशीही नाही तुझी, आयुष्य पडलंय,” म्हणायचा. सून म्हणायची, “मी कोण आहे ते आधी कुणीतरी कागदावर लिहून द्या. नवरा असलेली की नसलेली.” तेवढ्यावर बोलणं थांबायचं. न जाणो तो रात्रीत आला तर, म्हणून दाराची कडी ती सैलच ठेवायची.

कोर्स चालू झाला तसा दुकानाचा नूर बदलला. मोठ्यानं वाचल्याशिवाय सुनेच्या डोक्यात काही राहत नसे, त्यामुळे इस्त्री फिरवता फिरवता मास्तरच्या कानावर सगळं पडायचं. मोबाईलमधल्या शिकवणाऱ्या बाईला तिनं ‘हाडंवाली’ असं नाव ठेवलं होतं. हाडंवालीनं तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, की मांडीचं हाड शरीरात सगळ्यात लांब. “हे सांगायला शिकावं लागतं होय?” मास्तर म्हणाली. “पँट कशावर उभी राहते मग?”

पाचव्या आठवड्यात घरातल्या माणसांची मापं घेऊन पाठवायची होती. सुनेनं टेप लावला आणि मास्तरचा जीव वरखाली झाला.

“अगं, माणसाचं माप घेतेयस की भिंतीचं? आण इकडे. समोरचा श्वास सोडतो तेव्हा टेप टेकवायचा. आणि दोन्ही खांदे वेगवेगळे माप. सारखे खांदे फक्त दुकानातल्या पुतळ्याला असतात.”

सुनेनं ते वाक्य तसंच लिहून पाठवलं. हाडंवालीनं उत्तर दिलं, की निरीक्षण फार चांगलं आहे. मास्तरनं ते तिला दोनदा वाचायला लावलं आणि दिवसभर कुणाला तोडून बोलली नाही.

सातव्या आठवड्याचा धडा होता हाडांवरच्या खुणांचा. मास्तर कुणाच्या तरी कोटाचं कापड बेतत होती. सून वाचत होती, “मोडलेलं हाड जुळताना तिथे नवं हाड धरतं. टोकं एकमेकांवर चढून जुळली, तर हाड आखूड होतं आणि तिथे गाठ राहते. माणूस जाईपर्यंत ही खूण राहू शकते, आणि गेल्यावरही.”

मोबाईलवर चित्र आलं. गळ्यापासून खांद्यापर्यंत जाणारं बारीक, वाकडं हाड आणि त्याच्या मध्यावर गाठ, दोरीला मारावी तशी.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरची कातरी खडूची रेघ सोडून गेली.

“लहान वयात मोडलं तर जात असेल ना ती?” तिनं मान वर न करता विचारलं. “कोवळं हाड असतं. चौदा वर्षांचं वगैरे.”

सुनेनं धडा थांबवला. मग म्हणाली, “अगदी लहान असलं तर जाते म्हणतात. चौदाव्या वर्षी राहू शकते.” थोड्या वेळानं म्हणाली, “आई, चौदाच का म्हणालात?”

“असंच. तोंडाला येईल तो आकडा.”

सुनेनं पुढे काही विचारलं नाही, धडाही पुढे वाचला नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं मास्तरला त्या न विचारण्याचीच भीती वाटली. फुकट गेलेलं कोटाचं कापड घडी घालून तिनं टेबलाखाली सारलं.

त्या दुपारी तिला कापड मोजायचा तो लाकडी गज आठवला. पोरगा चौदा वर्षांचा होता. गिऱ्हाइकाचं महागाचं कापड त्यानं उलट्या बाजूनं कापून ठेवलं होतं. नवरा जाऊन वर्ष झालेलं, दुकान डळमळतं, आणि हातात गज. एकच मारला. आवाज असा आला, की तिला आधी गजच मोडला असं वाटलं. दूरच्या गल्लीतला एक हाड बसवणारा म्हातारा तिनं मागच्या दारानं घरी आणला. तो म्हणाला, “जुळेल. कुणाला कळणारही नाही.” महिनाभर पोराला ताप आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं. पोरानंही कधी तोंड उघडलं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तीही गप्प राहिली. म्हाताऱ्याचं ते एक वाक्य तिनं इतकी वर्षं जपलं होतं, की कारकून ‘याचं हाड मोडलेलं’ म्हणाला तेव्हा तिला खरोखर वाटलं होतं, की हा दुसराच कुणाचा तरी असणार. आपल्याचं तर कुणाला कळणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सून खाली दुकानात आली तेव्हा शटर बंदच होतं. टेबलावर लेकाचा निळा शर्ट पसरलेला होता आणि मास्तर टाके उसवत होती.

“त्यांचा शर्ट आहे तो, आई.”

“मीच शिवलाय. बस.”

तिनं उजव्या खांद्याची शिवण उलगडली. आत काही नव्हतं. मग डाव्या खांद्याची उलगडली. आत मऊ कापडाची चार पदरी घडी होती, बारीक टाक्यांनी कडेला धरलेली, बाहेरून बोटालासुद्धा लागू नये अशी.

“त्याचा हा खांदा अर्धा इंच उतरलेला होता,” मास्तर म्हणाली. “चौदाव्या वर्षापासून. प्रत्येक शर्टात मी हे घालत आले. लग्नाच्या कोटातही घातलं. कुणाला दिसलं नाही, तुलाही नाही. इतकी माझी शिवण चांगली.”

“ते पडले होते?”

“नाही. मी मारलं. गजानं.”

सुनेनं ती घडी हातात घेतली. एकेक पदर मोजल्यासारखा सोडवला. बराच वेळ बाहेर कुणाच्या तरी सायकलची साखळी उतरल्याचा, चढवल्याचा आवाज येत राहिला.

“सात वर्षं, आई,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी रोज कडी सैल ठेवून झोपले.”

“ठाऊक आहे. वाऱ्यानं वाजायची, मला ऐकू यायचं.”

“ऐकू यायचं, आणि तरी?”

  मास्तरनं सुईच्या डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “मी हो म्हटलं असतं तर तो मेला असता गं. आणि त्याला मारलं होतं ते कळलं असतं. दोन्ही एकाच दिवशी.”

सून उठून गेली. चहा केला, पण एकटीनंच घेतला. तासाभरानं ती बाहेर जायचे कपडे करून आली आणि दारात उभी राहिली. “चला,” एवढंच म्हणाली.

कारकून नवा होता. त्यानं सतरा नंबरचा कागद शोधून काढला आणि तोच प्रश्न विचारला.

“डावीकडचं,” मास्तर म्हणाली. स्वतःच्या गळ्यापासून खांद्यापर्यंत तिनं बोट फिरवून दाखवलं. “इथलं. चौदाव्या वर्षी. आईनं मारलं, असं लिही.”

“कुणी मारलं त्याला जागा नाही, आजी. कुठलं हाड तेवढंच लिहायचं असतं.”

“मग कडेला लिही. लिहिल्याशिवाय मी उठणार नाही.”

त्यानं कडेला लिहिलं. मग तिच्या दंडातून रक्त घेतलं. सुई टोचताना तिनं तोंड फिरवलं नाही.

दीड महिन्यानं निरोप आला. जुळलं होतं. सुनेनं निरोप ऐकला, फोन ठेवला, आणि दाराशी जाऊन भरदिवसा कडी घट्ट लावली. मग तिथेच जमिनीवर बसली. मास्तर तिच्याशेजारी बसली, हातभर अंतर ठेवून. जवळ या असं सून म्हणाली नाही. उठा असंही म्हणाली नाही.

हाडं कापडी पिशवीत मिळतील, पिशवी तुमची आणा, असं कचेरीनं सांगितलं होतं. मास्तरनं कपाटातलं सगळ्यात चांगलं पांढरं कापड काढलं. लांबी किती धरायची ते कुणाला विचारावं लागलं नाही. मांडीचं हाड सगळ्यात लांब. मापांच्या जुन्या वहीत लेकाच्या पँटचं माप होतं, त्यावरून तिनं मांडीचा अंदाज धरला आणि खडूनं रेघ मारली. कापून सुनेपुढे ठेवलं. ती मशीनवर बसली होती.

सुनेनं कडा जुळवल्या आणि थांबली. खालच्या शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड सोडलेलं होतं. वाढत्या वयाच्या पोरांच्या कपड्यांना मास्तर नेहमी सोडायची तसं, पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावं म्हणून.

सुनेनं वर पाहिलं. मास्तर खडूचे हात पुसत होती, तिच्या काही ध्यानात आलेलं नव्हतं.

सुनेनं ती दोन बोटं आत दुमडली आणि मशीन चालू केलं.