डिंपलच्या ठोशांचा खरा धनी

मी एक बोरा, म्हणजे पोतं, बोलतोय. दुकानात माझ्यासारख्याला पंचिंग बॅग म्हणतात. मोहाडीजवळच्या या विणकराच्या घरात मात्र मी बोराच. त्याची तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे आणि ती सांगताना माझी मलाच लाज वाटते: एका चित्रातल्या मुलावर मी जळतो.

मला टिकारामने घडवलं. त्याची मुलगी डिंपल कॉलेजात बॉक्सिंग शिकू लागली, तेव्हा त्याने जाड कापड दुहेरी शिवलं आणि मागावर तुटलेल्या सुताचे गुंते माझ्या पोटात ठासले. मला टांगलं ते मागाशेजारीच. मी झुललो असतो, तर मागावर पसरलेला उभ्या धाग्यांचा ताणा तुटला असता. म्हणून त्याने माझं बूडही खालच्या खुंटीला करकचून बांधलं.

"आता कसा हालते, पाहतो!"

डिंपल रोज मला मारायची. तिचा घाम माझ्या कापडात मुरला. आईवर रागावली तरी ती माझ्याकडेच यायची. तिला माझ्याशिवाय कुणी नाही, असं मी धरून चाललो. तिथेच चुकलो असेन.

भंडाऱ्याच्या पहिल्या स्पर्धेत ती हरली. "बाबा, थे पोट्टी एका जागी उभीच राहे ना!"

"मंग तिलेबी खुंटीले बांधाचं होतं," टिकाराम हसला.

"हासू नोका. पुढच्या वेळी हरली तं सर मले संघातून काढतीन."

आणि मग तो आला. मोबाइलवरच्या जपानी अ‍ॅनिमेतला बॉक्सर. जेवताना, मागासाठी सुताच्या कांड्या भरताना तिचे डोळे त्याच्यावरच. मीही लटकल्या जागेवरून बघायचो आणि खोट काढायचो. एक ठोसा पोहोचेपर्यंत त्याला अख्खं बालपण आठवायचं! ठोसा एवढा थांबतो का? मला विचारा. रक्त बादलीभर सांडायचं आणि पुढच्या भागात गाल कोरे करकरीत.

पण सगळंच खोटं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. तो हरायचा. हरल्यावर लगेच शूर व्हायचा नाही. सरावाला यायला तो लाजायचा. एक पाऊल बाजूला टाकायला शिकण्यात त्याचे कितीतरी भाग गेले. ते पाहून माझ्या पोटातले गुंते आणखीच आवळायचे. मला मार सोसता येत होता, पण हरता येत नव्हतं. तिला मी काय शिकवणार होतो?

एका दुपारी मोबाइल ठेवून ती माझ्याकडे आली. वाटलं, परतली! तर तिने वाकून खालची दोरी सोडली.

"काहून वो, ताणा तोडतेस का?" टिकाराम मागावरून ओरडला.

"याले अंगणात टांगून द्या ना, बाबा. थो पोट्टा आंगावर येणाऱ्याले चुकवते. हा बोरा येतेच कुठं?"

"कार्टून पाहून लढाई शिकून राहिली!" असं पुटपुटत का होईना, त्याने मला अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं. पहिल्या ठोशाला मी मागे गेलो आणि परत येऊन थेट तिच्या नाकावर आदळलो. खोटं कशाला बोलू, थोडं मुद्दामच. ती धपकन बसली, हसली, उठली. हळूहळू ती बाजूला सरकू लागली आणि मला सापडेनाशी झाली.

काल ती दुसरी स्पर्धा जिंकून आली, एक डोळा सुजवून. तिच्या आईने, शकुंतलाबाईंनी, शेक देत विचारलं, "कोनं शिकवलं वो, असं सरकाले?"

मी कान टवकारले. डिंपलने मोबाइलकडे बोट दाखवलं.

जळलो. अजूनही जळतोय.

थोड्या वेळाने ती एकटीच अंगणात आली. माझ्यावर कपाळ टेकवून हलक्या आवाजात म्हणाली, "लय भेव लागलं होतं रे." हे तिने आईला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही.

तर मंडळी, टाळ्या त्या चित्रातल्या मुलाला खुशाल द्या; त्याने त्या कमावल्या असतील. माझी शिवण आता उसवतेय, सूत बाहेर डोकावतंय. जमलं तर दोन टाके घाला. तिला कपाळ टेकायला मी अजून थोडे दिवस हवा आहे.