पुढचीच्या पावलात

"मावशी, शिट्टी बाहेर काढ ना जाकिटाच्या. फोटोत दिसली पायजे," वैजयंती म्हणाली.

गोजराने शिट्टी बाहेर काढली. तिच्या मागे नवं फाटक, फाटकाला कुलूप, पलीकडे खाडी.

"वैजू, बायांची वाट उघडी राहील, असं तू बोलली व्हतीस."

"वरून ऑर्डर आली गं. टेन्शन नको घेऊस. तुला नोकरी लागली ना?"

फाटकाशेजारच्या नव्या फलकावरची पहिली ओळ: हे कांदळवन स्थानिक महिलांच्या सहभागातून उभे राहिले आहे.

राहिलं खरं. द्रोणागिरीच्या गोदामांमागे या चिखलात घट्ट जमिनीची एकच चांगली वाट. सासूने ती गोजराला दाखवलेली. खुबे, चिंबोऱ्या काढायला बाया जायच्या तेव्हा काठी टोचत गोजरा पुढे, मागे जाहिदा, मग बाकीच्या. प्रत्येकीचं पाऊल पुढचीच्या पावलात. पुढचीला काही विचारायचं नसतं. रुतली तर आधी तीच रुतते.

वैजयंती गावातलीच, कांदळवन लावणाऱ्या संस्थेत कामाला लागलेली. तिने गळ घातली म्हणून गोजराने वाट दाखवली, रोपं लावायला बायांना बोलावलं.

"उद्या हेच कुंपन घालतील," जाहिदा तेव्हा म्हणाली होती.

"नाय घालनार. मी सांगते ना."

मग सगळ्या आल्या.

दुसरी ओळ: प्रवेश निषिद्ध.

फाटक त्या वाटेच्या तोंडावरच बसवलं होतं.

तिसरी ओळ: संरक्षक – श्रीमती गोजरा.

एवढ्या मोठ्या अक्षरात तिचं नाव याआधी कुठेच लिहिलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेतसुद्धा.

वैजयंतीची गाडी गेली. ओहोटी लागली तशी जाहिदा टोपली आणि काठी घेऊन आली. तिने जाकीट पाहिलं, शिट्टी पाहिली.

"झ्याक दिसतंय. नवरीवानी."

"जाहिदा, मना खरंच ठावं नव्हतं."

"मी कुठं काय बोलली? आज घरात कालवन कशाचं करू, तेवढं इचार तुझ्या वैजूला."

"चावी माझ्याकडं नाय गं."

"शिट्टी हाय ना."

जाहिदा कुंपणाच्या कडेने चालत टोकापर्यंत गेली. तिथे चिखल खोल, म्हणून पुढे तार ओढलेली नव्हती. तिने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली.

गोजरा तारेशी धावली.

"तिथं नको. उजवीकडनं जा, त्या वाकड्या झाडाकडनं. तिथं पाय टिकतो."

जाहिदा थांबली. एक पाय उचललेला. उजवीकडे पाहिलं तिने, मग गोजराकडे.

मग काठी डावीकडे टोचली आणि त्या बाजूला पाऊल टाकलं. गुडघ्यापर्यंत रुतली. पाय उपसला. पुन्हा टाकला.

उजवीकडचा चिखल तसाच सपाट राहिला.