सात नंबरची बेल

आमच्या बेलच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीला हात लावू देत नाही, ही माझी ऑफिसातली ख्याती. नव्या आवृत्तीत रोज काहीतरी बदलणारे लोक वेगळे आहेत. मी जुनीची राखण करते. तिच्यावर अजून चाळीसेक वृद्धाश्रम चालतात. पलंगाशेजारचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर बेल वाजते आणि खोलीचा नंबर उजळतो, एवढंच तिचं काम. नव्यातली एखादी किरकोळ दुरुस्ती जुन्यात आणायची की नाही हे मी ठरवते, आणि बहुतेक वेळा नाहीच म्हणते. चालतंय ना, मग चालू दे. लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या सोमवारी आमचे घाईसाहेब माझ्या टेबलाशी आले. त्यांना खरं नाव आहे, पण ऑफिसात ते कुणी वापरत नाही.

"तीन ओळींचं काम आहे," ते म्हणाले. "अर्ध्या सेकंदापेक्षा कमी दाबलेलं बटण धरायचंच नाही. ओल आली की वायर उगाच बेल वाजवते, ते बंद होईल. नव्यात आठ महिने आहे, एक तक्रार नाही."

"मग जुन्यात कुणाचं अडलंय?"

त्यांनी कागद पुढे केला. तक्रार माझे बाबा राहतात त्याच वृद्धाश्रमातून आली होती. सात नंबरची खोली रिकामी आहे, तरी तिथून रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बेल येते. घाबरून दोन मदतनीस बायका काम सोडून गेल्या. तिसरीही जायच्या बेतात आहे.

सात नंबर आईची खोली होती. रात्रभर खोकायची, बाबांची झोपमोड नको म्हणून तिनेच वेगळी मागून घेतलेली. ती जाऊन पाच महिने झाले. बाबा नऊमध्ये आहेत. झटका आल्यापासून त्यांच्या हातात जोर नाही आणि एकट्याने उठायला त्यांना मनाई आहे. एकदा उठले होते, तर खुब्याचं हाड मोडून घेतलं. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलंय.

हो म्हणण्याआधी प्रत्येक दुरुस्ती मी मागच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून फिरवून बघते. ती तेव्हाच असती तर कोणत्या बेल गळाल्या असत्या, त्या लाल दिसतात. घाईसाहेब याला नसता उपद्व्याप म्हणतात. मला ती खोडच आहे.

सात नंबरच्या नोंदी लाल होतील असं मी धरून चालले होते. त्यातली एकही झाली नाही. सातची बेल प्रत्येक वेळी चांगली चार सेकंद वाजलेली. लाल झाल्या त्या नऊच्या. चार वाजून नऊ मिनिटांनी पाव सेकंद. पुन्हा पाव सेकंद. मग चार दहाला सात. रोज याच क्रमाने. तीन दिवस तेवढे सात गप्प होतं, आणि त्या तिन्ही दिवशी बाबा तपासणीसाठी बाहेर होते.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच मी सिस्टरच्या टेबलाशी जाऊन बसले.

"सातचं बटण तर काढून कपाटात ठेवलंय, ताई," सिस्टर म्हणाल्या. "वायरला टेप गुंडाळली. तरी वाजते. मी भुताबितांना मानत नाही. पण त्या खोलीत जाताना आता दार उघडं ठेवते."

चार वाजून नऊ मिनिटांनी टेबलावर नऊचा दिवा लुकलुकला. आवाज झाला, पण खुर्ची सरकल्यासारखा, नुसता टक्क. सिस्टर औषधांच्या गोळ्या लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सातची बेल वाजली. लांब, ठाम, दारात उभं राहून कुणी हाक मारावी तशी.

सिस्टर उठल्या, मीही मागोमाग गेले. सातमध्ये उघडी गादी आणि बंद खिडकी, एवढंच असतं. पण तिथे पोचायला नऊवरून जावं लागतं. नऊमध्ये बाबांनी एक पाय खाली सोडला होता आणि ते दुसरा सोडायच्या खटपटीत होते. सिस्टरनी धावत जाऊन त्यांना धरलं.

"रोज असंच सापडतात," त्या म्हणाल्या. "आई होत्या तेव्हा त्यांची एक गंमत होती. बेल द्यायच्या, मी गेले की म्हणायच्या, मला काही नको, आधी नऊमध्ये बघा. ह्यांचं बटण दाबलं जात नाही म्हणून स्वतःचं दाबायच्या."

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ती आली नाही?"

घाईसाहेबांच्या कागदावर मी 'जुन्यात घेऊ नये' असं लिहिलं. मग बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. जुन्या आवृत्तीत माझ्या हाताने दोन ओळी घातल्या: बटणाला नुसता स्पर्श झाला तरी बेल चार सेकंद वाजेल. नोंदींवरून फिरवून बघितलं. एकही बेल गळत नव्हती. तरी पाठवायच्या आधी माझा हात थांबला. चालतंय ना, मग चालू दे, असं अगदी आतून वाटलं. एवढी एकच खूण उरली होती आईची. पण तिला तरी किती दिवस कामाला लावायचं?

पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला सिस्टरचा फोन आला. "नऊची बेल खणखणीत वाजली हो. अंगावरचं पांघरूणसुद्धा हललं नव्हतं बाबांचं, तोवर मी पोचले. आणि ती सातची बंद झाली एकदाची. काय होतं तिला?"

"काही नव्हतं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि खूप रडले.

सातला मी हातही लावला नव्हता. अजूनही रोज चार दहाला नोंद उघडून बसते. नऊ, चार सेकंद. त्याखाली काही येत नाही.