पुनवेची सुकती

आमच्या घरात समुद्राबद्दल मी बोलायचं नाही, असा नियम होता. कुणी केला नव्हता, पण होता. मी कराडची. लग्न होऊन डिलाईल रोडला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पापलेट म्हणून भलताच मासा घेऊन आले, आणि तेव्हापासून माझे सासरे मला ‘घाटावरची’ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण प्रेमाने म्हटलेलंही रोज कानावर पडलं की माणूस तोंड मिटून घ्यायला शिकतं. मीही शिकले.

सासऱ्यांचं नाव दौलत, आम्ही आबा म्हणतो. जन्म देवगडकडच्या खाडीकाठचा, सोळाव्या वर्षी मुंबईत, मग गिरणी, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन. इतकी वर्षं इथे काढली तरी त्यांचं घड्याळ खाडीचंच राहिलं. सकाळी उठून आधी कॅलेंडरवर तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची आणि भरतीची वेळ जाहीर करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. तिथून पुढे सहा तास पाणी उतरत जाणार, ती सुकती. लहानपणी याच हिशोबावर ते खडकावरची कालवं फोडायला जायचे. दादरच्या चौपाटीवर मी मुद्दाम एक-दोनदा पडताळून पाहिलंय. आबा चुकले नाहीत.

आमच्या घरात आबा, माझा नवरा गौतम, मी आणि माझी नणंद श्रेया. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे श्रेयाला आबांनीच वाढवलं. ती त्यांचा जीव. शाळेपासून तिला फ्रेंचचं वेड. माटुंग्याच्या मधुरा मॅडमकडे शिकली आणि लोअर परळच्या एका कंपनीत फ्रेंच गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला लागली. रात्रपाळ्या, एसी, अवेळी खाणं. गेल्या वर्षी तिच्या फुप्फुसात पाणी झालं.

दोन खोल्यांच्या घरात खोकला लपत नाही. श्रेयाचा खोकला ओला, खोलवरून ओढून काढल्यासारखा होता, आणि शेवटी एक बारीक शीळ वाजायची. तो सुरू झाला की आबा अंथरुणात उठून बसायचे. थांबला की आम्ही सगळे श्वास धरून पुढच्याची वाट बघायचो. त्या वर्षात मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही, फक्त हा आवाज घरातून जाऊ दे म्हटलं.

औषधांनी तो गेला. पण पोरीत जीव राहिला नव्हता. आमचे दोन जिने चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की मोबाईल बघण्याचं नाटक करायची. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. मधुरा मॅडमची फ्रान्समध्ये एक मैत्रीण होती, मादाम ओदील. समुद्रकाठच्या लहानशा गावात एकटी राहायची. गावात फ्रेंचचा सकाळचा वर्ग होता. तीन महिने राहायचं, शिकायचं, बरं होऊन यायचं. खर्चाचं श्रेयाने स्वतःच बघितलं.

“हवापालटाक देवगड काय वायट?” आबा आठ दिवस धुसफुसले. मग फोटोत त्या गावाचा किनारा बघितला. “समुद्र आसा मां? मग बरा,” म्हणाले.

जुलैत ती गेली. रोज दुपारी चारच्या सुमारास तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे साडेबारा, वर्ग नुकता सुटलेला. मादाम मागून डोकावून मला “बोंजूर, अपेक्षा” म्हणायच्या. श्रेया शिकलेले शब्द माझ्यावर घासून बघायची. मेर म्हणजे समुद्र, रोशे म्हणजे खडक, फ्रुआ म्हणजे थंडी. मी भाकऱ्या थापताना ते घोकायचे, म्हटलं येईल कधी तरी कामाला. पोरीच्या गालांवर रंग येत होता. मला इतकं बरं वाटायचं की मी फोन ठेवल्यावर उगीचच गाणं गुणगुणायचे.

एका अमावस्येला ती किनाऱ्यावरून बोलत होती. आबा कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “थांब. आता तुझ्याकडे पाणी उतारता हा. बघ जरा.”

तिने फोन फिरवला. खरंच पाणी मागे सरत होतं, ओली वाळू लांबवर चकाकत होती.

“आबा, एकदम परफेक्ट. इथे बसून तिथलं सांगितलंत तुम्ही.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी त्यांनी खालच्या वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. एकदा खरं ठरलं, एवढं त्यांना पुरलं. आणि तिलाही पुरलं.

मला मात्र कुठेतरी खुपत होतं. रात्री गौतमला विचारलं, “तिकडचं पाणी आपल्यासारखंच चालतं का रे?”

“चंद्र एकच आहे ना,” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

चंद्र तर एकच होता.

मादामच्या दाराला आतून एक कागद लावलेला होता, भरती-ओहोटीच्या वेळांचा. बाहेर पडताना त्या श्रेयाला त्यावर बोट ठेवून दाखवायच्या, रागवायच्यासुद्धा. तिकडचं पाणी मैलभर आत जातं आणि येताना माणसाच्या पायापेक्षा वेगाने येतं, असं त्यांचं म्हणणं. श्रेया हसत सांगायची, “त्यांना कुठे माहितीये माझ्याकडे आबा आहेत.” मला तिचं कळत होतं. परक्या गावात, परक्या भाषेत दिवस काढणाऱ्या पोरीला त्या कागदापेक्षा बापाचा आवाज हवा होता. मला फक्त तो कागद एकदा बघायचा होता. पण मी पडले घाटावरची.

ऑगस्टअखेर तिने संध्याकाळचा एक फोटो पाठवला. समुद्र बांधाच्या भिंतीला येऊन थडकत होता, फेस रस्त्यावर उडाला होता. आबांनी सकाळी सांगितलेली भरतीची वेळ मी आठवून पाहिली. आबांच्या हिशोबाने त्या वेळी सुकती असायला हवी होती. मी त्यांना फोटो दाखवला.

“वारो असतलो,” आबा म्हणाले. “वाऱ्यान पाणी फुगता. तुका नाय कळाचा ता.”

मी फोन परत घेतला. त्या फोटोत झाडाचं एक पान हलत नव्हतं. तेवढं मला घाटावरचीलाही दिसत होतं.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले. दुसऱ्या दिवशी भाद्रपदातली पौर्णिमा, बुधवार. रस्त्यावर अजून गुलाल होता आणि आमच्या चुलीवर दहा दिवसांनी बांगडे आले होते. गौतम दुसऱ्या पाळीला गेला होता. संध्याकाळी साडेसात वाजता श्रेयाचा कॉल आला. ही तिची वेळ नव्हती. तिकडे चार वाजले असणार.

“आबा, सरप्राइज,” ती म्हणाली. ती वाळूत चालत होती, थोडी धापत होती. “इथून समोर एक खडक आहे, बेटासारखा. वर पडका बुरूज. आज पाणी इतकं मागे गेलंय की लोक चालत गेले होते दुपारी. मादाम बाजारात गेल्यात. म्हटलं तुम्हाला विचारून जावं.”

आबांनी कॅलेंडर बघायचीही तसदी घेतली नाही. “पुनव. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराक भरती झाली, म्हणजे सव्वापाचपर्यंत पाणी उतारतच जातला. तुझ्याकडे आता चार. बिनधास जा.”

“लोक गेले होते म्हणालीस,” मी तव्यावरून मान वळवून विचारलं, “मग आता कुणी दिसत नाही ते?”

“वहिनी, टेन्शन नको ना घेऊ. चहाची वेळ आहे त्यांची.”

तिच्या पाठीमागे गाव दिसत होतं आणि वाळूत रोवलेल्या लाकडी खांबांची एक रांग. जाड, काळे खांब, लाटा मोडायला लावतात तसे. बुंध्यापासून टोकापर्यंत कोरडे. मी बांगडा उलटला.

ती खडकावर पोचली तेव्हा तिला बोलायला थोडा वेळ लागला. मग तिने फोन दगडांजवळ नेला, आणि आबा ओरडलेच, “कालवां.” अख्खा खडक कालवांनी भरला होता. आबांचं वय एकदम कमी झालं. कुठचं कालव भरलेलं असतं, दगड कुठे मारायचा, शिंपली कशी उघडायची, सगळं सांगत सुटले. “ता नको, खालचा बघ. हां, ता.” ती दगडाने ठोकत होती आणि हसत होती. मी इतक्या वर्षांत आबांना इतकं सुखी पाहिलं नव्हतं.

मी गॅस बारीक करून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. तिच्या खांद्यावरून ते खांब दिसत होते. आता बुंधे दिसत नव्हते. खांब अर्धेच राहिले होते.

“आबा, पाणी येतंय,” मी म्हटलं.

“उतारता हा.”

“आबा, ते खांब बघा. मघाशी पूर्ण होते.”

“लांबसून तसा दिसता. गो, घाटावरच्या माणसाक डबक्यातय समुद्र दिसता.” ते स्क्रीनवरून नजर न हलवता हसले, आणि श्रेयाही हसली.

त्या हसण्याने मी एरवी गप्प बसले असते. त्या दिवशी मला राग आला. इतका राग, की मी आबांच्या हातातून फोन काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

“श्रेया, मागे वळ आणि आलीस ती वाट मला दाखव. आत्ता.”

ती वळली. फोन फिरला. वाळू नव्हती. खडक आणि गाव यांच्यामध्ये करडं पाणी होतं, गुळगुळीत, आवाज न करता दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे येणारं. खांबांची फक्त टोकं वर होती.

“आबा,” ती म्हणाली, “इथे वाट होती.”

मग म्हणाली, “गुडघ्याएवढंच असेल. पटकन जाते मी.”

“जाऊ नकोस. बुरुजावर चढ,” मी म्हणत होते. “श्रेया, वर चढ.” तिला ऐकू गेलं का, कळलं नाही. चित्र हललं, पाण्याचा आवाज आला आणि कॉल गेला.

मी परत लावला. लागला नाही. आबा माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते.

मादामचा मोबाईल नंबर श्रेयाने जाताना फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. मी लावला. मधुरा मॅडमना आधी सांगावं, त्या नीट बोलतील, असं मनात आलं होतं. पण तेवढा वेळ नव्हता. मादामने “बोंजूर, अपेक्षा” म्हटलं, आनंदाने.

“मादाम,” मी म्हटलं, “श्रेया. मेर. श्रेया, रोशे. मेर, मेर.”

मग त्यांनी एकच शब्द विचारला, बहुधा त्या खडकाचं नाव. मी “रोशे” म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फोन कट झाला.

तव्यावरचा बांगडा जळत होता. मी गॅस बंद केला. गौतमला फोन केला, तो निघाला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. जी पोर दोन जिने एका दमात चढू शकत नव्हती, ती त्या पाण्यात किती वेळ हात मारणार होती? मी हा विचार मागे ढकलत होते आणि तो परत येत होता.

आबा कॅलेंडरसमोर उभे होते. बोटांच्या पेरांवर मोजत होते. पंधरा, पंधराचे अर्धे, त्याचे अर्धे. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

“हिशोब बरोबर आसा गो,” ते म्हणाले. त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं, मी तो चूक आहे म्हणावं किंवा बरोबर आहे म्हणावं. हिशोब बरोबरच होता, पण तो आपल्या किनाऱ्याचा होता. मला दोन्ही म्हणवेना. मी त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं.

खालून नाशिक ढोलाच्या गाडीवर सामान चढवण्याचा आवाज येत होता. आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. बराच वेळ.

मग आबांनी विचारलं, “पाणी खयपर्यंत इला असात गो आता?”

या घरात समुद्राबद्दल मला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच. खोटं बोलावं असं वाटलं. पण खोट्या धीरानेच ही वेळ आणली होती.

“खांब बुडाले असतील, आबा,” मी म्हटलं. “अजून चढतंय.”

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांनी पहिल्यांदाच निमूट ऐकून घेतलं.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही, माझ्याकडे सरकवला. मादाम होत्या. वाऱ्याचा आवाज, माणसांचे आवाज, कसलंसं इंजिन. त्या लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या, आणि मला त्यातलं फक्त “फ्रुआ” कळलं. फ्रुआ, फ्रुआ. थंड. काय थंड? कोण थंड? मी विचारू शकत नव्हते. मला तेवढं फ्रेंच येत नव्हतं.

“काय म्हणता ती?” आबा म्हणाले. “गो, काय म्हणता?”

आणि मादामच्या बोलण्यामागून तो आवाज आला. ओला, खोलवरून ओढून काढल्यासारखा, आणि शेवटी बारीक शीळ.

आबा खाटेवरून उठले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. मी फोन दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. वर्षभर ज्या खोकल्याने आमची झोप उडवली होती, तो पुन्हा आला होता, पहिल्यापेक्षा वाईट होऊन. तो थांबू नये म्हणून आम्ही दोघं ऐकत बसलो.