ताईच्या भिंतीवरची पानं

ताईने पार्लर काढलं आणि केस धुवायच्या जागेमागच्या भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाचं काम हक्काने धाकटीच्या गळ्यात मारलं. धाकटी डिझायनर. फोटोशॉपमध्ये एका चौकोनात चार पानं बसवायची, कडा एकमेकींना जुळवायच्या आणि तोच चौकोन भिंतभर पसरायचा, हे तिचं रोजचंच. दुपारभरात हातावेगळं होईल, असं तिला वाटलं होतं.

पण ताईचे फोन काही थांबेनात. पानं एवढी हिरवी नकोत, मग एवढी फिकी नकोत, मग 'जरा हसरी कर'. हसरं पान कसं काढतात, हे धाकटीने विचारलंही नाही. तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

शेवटी ताई स्वतःच आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"हे कोपऱ्यातलं पान बघ, कसं रुसल्यासारखं दिसतंय. तेवढं एक सरळ कर."

"ताई, रोलवर तोच चौकोन पुन्हा पुन्हा छापतात. एक वळवलं की सगळीकडचं वळणार."

"सगळीकडचं नकोय गं मला. फक्त कोपऱ्यातलं."

"आता कसं सांगू तुला!" धाकटीने माउसच तिच्या हातात कोंबला. "घे, तूच कर."

ताईने पान धरून वळवलं. पडद्यावरच्या अख्ख्या भिंतीने कूस बदलली.

"अगंबाई, सगळीच!"

"मग मघापासून मी काय सांगतेय?"

ताईला चाळाच लागला. ती पानं गरागरा फिरवत बसली. कडा विस्कटल्या, पानांचे मधोमध दोन तुकडे झाले. धाकटी कपाळाला हात लावून बघत राहिली. ताई गेल्यावर तिने सगळं पुन्हा जुळवलं, पानं नीट उभी केली आणि ताईला न विचारताच फाइल छपाईला धाडली.

पार्लर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती तिथे गेली आणि दारातच थबकली. भिंतीवरचं प्रत्येक पान खाली डोकं वर पाय!

"ताई! कागद लावणाऱ्याने तो उलटा लावलाय!"

"मीच सांगितलं," ताई आरसा पुसत म्हणाली. "बाई मान मागे टाकून केस धुऊन घेणार. तिला सरळ दिसायला नको?"

धाकटी चडफडत खुर्चीत आडवी झाली आणि मान मागे टाकली. पानं सरळ उभी होती. छानच दिसत होती, हीच तर चीड.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी खुर्च्या कुठे आल्या होत्या?"