नळीचं खालचं टोक

ठिणगीने नळीचं खालचं टोक बादलीत सोडलं आणि अंगठ्याने गच्च दाबून धरलं. वर स्टुलावर तिचे बाबा उभे. हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत, नळीचं रुंद तोंड वाळूवर टेकवलेलं.

"सोड."

तिने अंगठा काढला. वाळू नळीत उसळली, मळ सुटला आणि पिवळट खारं पाणी बादलीत यायला लागलं. वाळूच वर चढतेय म्हटल्यावर तिने परत दाबलं. वाळू खाली बसली.

वाळूत दोन बोटांपेक्षा खोल जायचं नाही, एवढा एकच नियम. खाली कित्येक वर्षांचा काळा थर होता. तो ढवळला की त्यातलं विष पाण्यात उतरतं. मागच्या महिन्यात असाच एक मासा गेला. बाबा म्हणाले, टाकीच्या पाण्यात घालायचं मीठ खराब निघालं. आई म्हणाली, आता आणखी एक मेला की टाकी विकायची. उरला होता एकटा साहेब. पिवळाधमक, पोट सुटलेला, नऊ वर्षांचा.

मीठ चांगलं होतं. तीस वर्षं वेल्डिंग केलेला बाबांचा हात आता थरथरायचा. कप ठेवताना बशी वाजायची, आणि घरात सगळे दुसरीकडे बघायचे.

गेल्या रविवारी ठिणगीने "द्या इकडे!" म्हणून नळी खेचली, तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. म्हणून आज तिने तोंड बंद ठेवलं होतं. बादलीकडे बघायचंच नाही. फक्त त्यांच्या हाताकडे.

हात घसरला. नळी खचकन खोल गेली. तिने अंगठा पूर्ण काढला. काळं पाणी टाकीत पसरायच्या आत सपकन बादलीत आलं. तिने बादली पायाने हळूच स्टुलामागे सरकवली.

"वास कसला गं? सडक्या अंड्यासारखा."

"माझे मोजे."

"मग मोजे नको, पाय बदल."

"काय झालं? मेला का?" आई स्वयंपाकघरातून.

"कोणी मेलं नाही!" ठिणगी ओरडली.

"ओरडू नकोस. साहेब दचकतो," बाबा म्हणाले.

हात परत घसरला. मग आणखी दोनदा. अंगठा बधिर झाला, तरी दर वेळी तिने तो वेळेवर काढला. टाकीतलं पाणी स्वच्छच राहिलं.

"बघ, कसं आरशासारखं," बाबा म्हणाले. "शाळेत एवढी गप बसली असतीस तर..."

उलट उत्तर तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

"झालं का?" तिने विचारलं.

"खडकामागचं राहिलंय."

सगळ्यात जाड काळा थर तिथेच होता. तिने अंगठा पँटला पुसला आणि परत टोकावर दाबला.

"सोड" असं वरून ऐकू आलंच नाही.

बाबांनी नळीचं तोंड खडकाला टेकवून ठेवलं आणि ते खाली उतरले. स्टुलामागची बादली पुढे ओढली. पाणी डांबरासारखं काळं. ठिणगीने मान ताठ केली. आता ओरडतील.

ते खाली बसले. गुडघे कडकड वाजले. तिच्या हातातून नळीचं टोक घेतलं, त्यावर आपला अंगठा ठेवला. अंगठा थरथरत होता, पण दाब पक्का होता.

"चढ वर. दोन बोटं. खोल गेलीस तर मी आहे खाली."

ठिणगी स्टुलावर चढली. बाही वर केली. साहेब येऊन तिच्या बोटांपाशी थांबला. तिने नळी धरली, खडकामागे नेली, वाळूवर टेकवली.

"सोडा," ती म्हणाली.